सुमनचा फॉर्म मी भरला

सुमनच्या कॉलेजच्या फॉर्मवर विषय मी लिहिला होता. तिला न विचारता. हे आधीच कबूल करून टाकते, कारण ती गेल्यापासून जो भेटतो तो मला ‘तुमची जिवाभावाची मैत्रीण’ म्हणतो आणि मी आतल्या आत चडफडते. आम्ही दोघी मुखेडहून एसटीनं नांदेडला प्रवेश घ्यायला आलो होतो. सुमन फोटोवर सही-शिक्का आणायला गेलेली, खिडकीतले क्लार्क जेवायला उठायच्या बेतात, आणि दोघींचे फॉर्म माझ्या हातात. तिच्या फॉर्मवर विषयाची जागा तेवढी कोरी. तिला कॉमर्स घ्यायचंय हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी गृहशास्त्र घेणार होते, आणि नव्या वर्गात मला एकटीनं बसायचं नव्हतं. मग काय, दोन्ही फॉर्मवर ‘गृहशास्त्र’ लिहिलं आणि दिले आत सारून! अक्षर मात्र सुरेख काढलं. अक्कल नव्हती, अक्षर होतं.

सुमनच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, मुखेडला पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान होतं. ही एकुलती एक. दहा वर्षांची असल्यापासून पाइप नुसता हातात घेऊन किती इंची ते सांगायची. “कॉमर्स शिकून ये, दुकान तुझंच,” असं अण्णांनी तिला म्हटलं होतं, पण तेही महिनाभर भांडून घेतल्यावर. विषय बदलून घ्यायला तिनं त्यांना नांदेडला बोलावलं, तर खिडकीपाशी उभे राहून म्हणतात कसे, “हाय ते बरं हाय की. पोरीला शोभतंय.” त्यांना निमित्तच हवं होतं, ते मी सुवाच्य अक्षरात पुरवलं. दुकान पुढं पुतण्याकडे गेलं. आणि आम्ही शेजारीशेजारी बसून पेरूची जेली करायला शिकलो. त्यात मी खूश! माझ्या त्या खुशीचा आज इतका राग येतो...

लग्न होऊन ती लातूरला आली, वर्षभरानं मीही. पोरं शाळेला लागल्यावर तिनं पाइपांची एजन्सी मागितली. कंपनीचा माणूस घरी आला, चहा प्यायला आणि विचारलं, “मॅडम, शिक्षण काय?” हिनं खरं ते सांगितलं. “मग लोणची-मसाले का करत नाही?” म्हणाला. सुमनला लोणचं! जिची भाकरी जन्मभर एका बाजूनं करपली तिला! कॉलनीत कुणाची बोअरची मोटार बंद पडली की लोक तिलाच हाक मारायचे. ती नुसता गुंऽऽ आवाज ऐकून सांगायची, “कपॅसिटर गेलाय, मोटार काढू नका.” काम झालं की लोक मिस्त्रीला पैसे द्यायचे आणि हिला म्हणायचे, “वहिनी, लई हुशार हो तुम्ही.”

आणि मी? मी बारशापासून साठीपर्यंत प्रत्येक कार्यक्रमात हा फॉर्मचा किस्सा सांगत राहिले. क्लार्कची नक्कल, अण्णांची नक्कल... लोक पोट धरून हसायचे. ‘माझं चुकलं’ एवढं सोडून बाकी सगळं सांगितलं.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या नातीला घेऊन तिच्याकडे गेले. नातीची बारावी झालेली. “आजी, मला धंदा करायचाय. कशाला ॲडमिशन घेऊ?” असं तिनं सुमनलाच विचारलं, मला नाही. पोरगी शहाणी आहे.

“कशाचा धंदा?”

“अजून ठरलं नाही.”

“मग कॉमर्स घे. हिशोब कुठंबी लागतोय. अन् सुट्टीत कुणाच्या तरी दुकानात उभी ऱ्हा. कोण काय घेतंय ते बघू नको, गिऱ्हाईक काय न घेता परत चाललंय ते बघ.”

इतकं नेमकं आजवर कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तिथं गप्प बसावं की नाही? पण माझी जीभ! “अगं, हिच्या फॉर्मची गंमत माहितीय का तुला?” म्हणून मी सुरू झाले. नात हसली. सुमन उठून आत गेली.

निघताना नात पुढं गेली तेव्हा सुमननं फाटकाशी माझा हात धरला आणि एक वाक्य बोलली. पुढच्या खेपेला नीट बोलू म्हटलं, आणि तीन आठवड्यांत तिच्या लेकीचा फोन आला... पुढची खेप राहिलीच. वाक्य जसंच्या तसं देते:

“शके, तो किस्सा तू लई रंगवून सांगतीस, पण दरवेळी मी उठून आत का जाते, ते एकदाबी इचारलं न्हाईस.”