पोट लहान केल्यावर

माझी बायको मेली ती ऑपरेशननं नाही मेली. हे पहिलं सांगतो, कारण मयतीला आलेले निम्मे लोक तसंच बोलून गेले. ऑपरेशन झाल्यावर ती साडेतीन वर्षं जगली, चालली, फिरली. गेली ती डोक्यातली नस फुटून, सकाळी कपडे वाळू घालताना. पोटाचा त्यात संबंध नाही असं डॉक्टरनं सांगितलं आणि मी ते मानलं.

आता कोणाच्या घरी असं ऑपरेशन ठरलं की लोक मला विचारायला येतात. दर वेळी तेच तेच सांगून तोंड दुखते. म्हणून लिहून ठेवतो.

तिचं वजन एकशे सोळा किलो होतं. मीच मोजलं. मी लोहाऱ्याकडच्या एका कापसाच्या जिनिंगात वजनकाट्यावर होतो. पोरगी नागपूरला दवाखान्यात नर्स. तिनं फोनवर आईचं वजन विचारलं आणि घरात तर काटा नव्हता. मंग बायकोला जिनिंगात नेलं आणि कापसाची पोती मोजायच्या काट्यावर उभी केली. तिथं काम करणाऱ्या बाया हातातलं सोडून पाहत राहिल्या. एक म्हणाली, "काका, ओल किती कापता काकूची?" कापूस ओला असला की आम्ही वजनातून घट धरतो, त्याला ओल कापणं म्हणतात.

"ओल नाही वं माह्यात," बायको काट्यावरूनच म्हणाली, "सुका माल आहे. पुरा भाव द्या लागते."

सगळ्या हसल्या. तीबी हसली. पण घरी येताना ऑटोत पदर अंगाभोवती घट्ट ओढून बसली.

ती काही जिभेची लालची नव्हती. आमच्या घरात बाई शेवटी जेवते. माझ्या मायचं तसं, तिच्या मायचं फुलसावंगीला तसंच. आधी मी, मंग पोरं, पाहुणे असले तर पाहुणे, आणि सगळ्यांचं झालं की ती भांड्यापाशी बसायची. जे उरलं ते तिचं. तीन भाकरी उरल्या तर तीन, भात उरला तर भात. अन्न टाकायचं नाही. सकाळपासून उपाशी राहून दुपारी एकदम ढीग खायचा, असं चाळीस वर्षं चाललं. मला ते दिसत होतं, पण त्यात पाहण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही.

साखरेचा आजार झाला. गुडघे गेले. एसटीची पायरी चढायला मागून कोणी ढकलावं लागे. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, या वजनावर गुडघे बदलून उपयोग नाही, आधी वजन उतरवा. दोन वर्षं पथ्य केलं, चार किलो उतरलं आणि सहा चढलं. मंग पोटाच्या ऑपरेशनचं निघालं. पोरीच्या नोकरीच्या विम्यात आईबाप बसत होते, म्हणून ते जमलं.

मी म्हणालो, "तोंडाले कुलूप लाव, पोट कायले कापतं?"

"कुलूप लावलं तर भाजी कोण चाखीन?" ती म्हणाली. "अळणी खासान."

आता ऑपरेशनचं. आधीचे दोन आठवडे नुसतं पातळ प्यायला देतात, लिव्हरवरची चरबी उतरावी म्हणून. हे दोन आठवडे सगळ्यात वाईट, कारण भूक अजून जुनीच असते. मंग पोटाला पाच भोकं पाडतात. मोठा चिरा नसतो. जठराची पिशवी उभी कापून केळाएवढी नळी ठेवतात. डॉक्टरनं कागदावर चित्र काढून दाखवलं. कापलेला भाग परत बसत नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. संध्याकाळीच चालायला लावतात. कापलं पोट आणि तिचा दुखत होता खांदा. आत हवा भरतात त्यानं तसं होतं, घाबरू नये.

घरी आल्यावर मुगाचं गाळलेलं पाणी, ताक, डब्यातली पावडर. तेबी घोट घोट. तांब्याभर पाणी गटागटा पिणाऱ्या बाईला घोट घोट पिणं शिकावं लागते. महिन्यानं मऊ अन्न. अर्धी वाटी झाली की पोट भरते. एक घास जास्त गेला की तो परत येतो, तिथं लाजबिज चालत नाही. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी नाहीतर अर्धा तास नंतर. चौथ्या महिन्यात केस गळतात, मंग पुन्हा येतात. दंडाची कातडी लोंबते ती लोंबतेच. गोळ्या जन्मभर. साखरेची गोळी मात्र अर्ध्यावर आली.

कोणी शाबासकी देईल असं समजू नका. त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. काट्यावर येणारा माल अर्धा कवडी, म्हणजे पिवळा डागाळलेला. घरोघरी तोंडं उतरलेली. गल्लीतली एक बाई माझ्या बायकोला पाहून म्हणाली, "तुमच्याबी घरी दिवस वाईट आले का वं?"

आता जे कोणत्याच डॉक्टरनं सांगितलं नव्हतं ते सांगतो.

कागदावर लिहून दिलं होतं की दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं. वेळाही लिहिल्या होत्या. पहिला महिना बरा गेला. ते पावडर, ते पाणी ती औषध समजून घ्यायची, आणि औषधाला आधी कोण नंतर कोण असं नसते. पुढं खरं जेवण सुरू झालं आणि तेव्हाच जिनिंगचा सीझन लागला. मी सकाळी डबा घेऊन जायचो तो रात्री आठाला परत.

काट्यावर दर रविवारी तिचं वजन घेत होतो. तीन महिन्यांत तेहतीस किलो उतरलं. मी जिनिंगात सगळ्यांना सांगत फिरलो, जशी काय माझीच कमाई.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी ती नळावर चक्कर येऊन पडली. शेजाऱ्यांनी फोन केला. पोरीनं गाडी करून नागपूरला आणायला सांगितलं. सलाईन लागली, सुया लागल्या. अंगात पाणी नाही, ताकद नाही, दोनचार दिवस उशीर झाला असता तर डोक्यावर परिणाम झाला असता, डॉक्टर म्हणाले. खाण्याचा तक्ता देणारी एक मुलगी खाटेपाशी बसली.

"आजी, सहा वेळा खाता ना?"

"खातो ना."

"काल काय काय खाल्लं? वेळेसकट सांगा."

बायको माझ्याकडे पाहू लागली. पोरगी म्हणाली, "आई, बाबाकडे काय पाह्यतं? तुले विचारून राह्यली ते."

"दुपारी दोनला खिचडी," बायको म्हणाली. "मंग रात्री साडेआठले वरण."

"आणि मधात?"

"मधात कसं खाईन? हे दोनले डबा खातात. मंग मी खातो. रात्री हे जेवले की मंग मी."

ती मुलगी लिहिता लिहिता थांबली. मला समजायला थोडा वेळ लागला. आधी दोन वेळा ढीग खायची, आता दोन वेळा अर्धी अर्धी वाटी. म्हणजे दिवसाला एक वाटी. पोरीला फोनवर रोज 'खाल्लं' म्हणून सांगत होती. खोटंबी नव्हतं ते.

"यांना सांगा आधी खायला," मुलगी मला म्हणाली.

मी सांगितलं. दवाखान्यात सांगितलं, घरी आल्यावर सांगितलं, ओरडून सांगितलं. "मी म्हणून राह्यलो ना खाय म्हणून?"

"तुमी म्हणसान," ती म्हणाली. "माह्या नरड्याखाली तर उतराले पायजे."

वाटीत दलिया घेऊन माझ्यासमोर बसवली. एक चमचा तोंडात घेतला आणि तो तसाच गालात धरून बसली, मी उठेपर्यंत. अशा बाईला काय सांगता?

मंग मी दुसरं केलं. ती माझ्या आधी खात नाही, तर मीच सहा वेळा खाऊ. डब्यात भाकरीचे तुकडे जास्त बांधून न्यायला लागलो. आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. तुकडा तोंडात टाकायचा आणि घरी मिसकॉल द्यायचा. मिसकॉल आला म्हणजे मी खाल्लं, आता तिनं खायचं. हे तिला पटलं. काट्यावर गाड्यांची रांग असली तरी मी तोंड हलवत वजन सांगायचो. हमाल म्हणायचे, "काका, ऑपरेशन काकूचं झालं का तुमचं? काकूचं उतरलेलं वजन तुमी भरून राह्यले." खरं होतं ते. माझं साडेचार किलो वाढलं.

एकदा गर्दीत नुसताच मिसकॉल दिला, खाल्लं काही नाही. रात्री तिनं डबा उघडून तुकडे मोजले आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

होळीच्या आसपासची गोष्ट. सकाळचा पहिला मिसकॉल देऊन फोन ठेवायला गेलो तर तो काट्यावरून खाली पडला आणि पोत्याखाली आला. काच गेली, बंद पडला. दुसऱ्याच्या फोनवरून करावा तर नंबर त्या फोनातच, पाठ कोणाला? दहा वाजून गेले. साडेअकरा झाले. मुनीम सुट्टी देईना. बारा वाजले तेव्हा मी काटा तसाच सोडून सायकल काढली. नळापाशी ती पुन्हा पडली असेल, हेच डोक्यात. उन्हात कुठं थांबलो नाही. दार उघडं होतं. नळापाशी कोणी नव्हतं.

ती मागच्या ओट्यावर सावलीत बसली होती. मांडीवर वाटी, हातात लहान चमचा. मला पाहून वाटी लपवली नाही.

"फोन काहून नाही केला?"

"पडला. फुटला."

"दहाची वाट पाह्यली," ती म्हणाली. "मंग भूक लागली."

"मंग?"

"मंग काय. खाऊन राह्यली, दिसत नाही का? तुमच्या फोनाबिगर हे दुसऱ्यांदा आहे." तिनं आणखी एक चमचा घेतला, सावकाश चावला, गिळला. मंग मी घामानं भिजलेला पाहून वाटी बाजूला ठेवून उठू लागली. "थांबा, तुमाले वाढतो."

"बस," मी म्हणालो. "खाता खाता उठू नोको म्हणून डॉक्टरनं सांगतलं आहे."

डॉक्टरनं असं काही सांगितलं नव्हतं. पण ती बसली. मी आत गेलो. चूल होती, भाजी-वरणाचे गंज होते, भाकरीची टोपली होती. ताट कुठं दिसेना. शेवटी आतूनच विचारलं.

"खालच्या फळीवर," ती बाहेरून म्हणाली. "अन् आंधी हात धुवा. कापसाचे हात लावू नोका."