टेलरकाकांना काही त्रास नव्हता

त्या बाईच्या पायाला भिंगरीच होती म्हणा ना. रक्ताच्या जुनाट कॅन्सरवर एका नव्या गोळीचा अभ्यास चालला होता. दर महिन्याला पेशंट बोलवायचे, उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि चाळीस प्रश्न विचारून फॉर्म भरायचा, हे तिचं काम. पेशंट तिला चौकशीताई म्हणायचे, तेही तोंडावर. चांगली फिरती खुर्ची दिली होती तिला, पण बाई त्यावर दोन मिनिटं टेकेल तर शपथ!

तिची एक खोड होती. पेशंटला आत बोलवायला ती शिपायाला पाठवत नसे. स्वतः बाकापाशी जायची आणि सोबत चालत आणायची. चालताना तब्येत बरोबर कळते, असं तिचं म्हणणं.

त्या सोमवारी टेलरकाका आले. चार वर्षांपासूनचे पेशंट. कडक इस्त्रीचा शर्ट, रोजच्या त्रासाच्या डायरीलाही कव्हर घातलेलं. बाकापासून खोलीपर्यंत जेमतेम पन्नास पावलं, पण तेवढ्यात काका दोनदा नोटीस बोर्डापाशी थांबले आणि अगदी मन लावून वाचू लागले. चष्मा खिशातच होता.

चौकशीताईनं ते बरोबर हेरलं.

"काका, दम लागतो का?"

"छे हो! ठणठणीत आहे मी."

डायरी उघडली, तर महिनाभर एकाच शाईत, एका बैठकीत लिहिलेलं 'त्रास नाही, त्रास नाही'.

"झोपताना उशा किती घेता?"

काकांनी डायरी मिटली. मग हळूच म्हणाले, "तीन. आडवं झालं की श्वासच पुरत नाही. पण ताई, हात जोडतो, हे लिहू नका. गोळी बंद करतील. तिच्या जोरावर तर उभा आहे मी. धाकटीचं अजून शिक्षण व्हायचंय."

काका म्हणत होते त्यात खोटं काहीच नव्हतं. या गोळीनं काही जणांच्या फुफ्फुसाभोवती पाणी साचायचं. साचलं की गोळी थांबवायची. पाणी उतरलं आणि रक्त ठीक राहिलं तर अर्ध्या मात्रेवर परत सुरू, नाहीतर अभ्यासातून बाहेर. लिहिलं तर गोळी जाणार, न लिहिलं तर माणूस जाणार. ती पेन घेऊन खिडकीपाशी गेली, दारापाशी गेली, परत आली.

"किती दिवस लपवताय हे?"

"झाले तीन महिने."

"अहो, पण का? मी दर महिन्याला विचारते ना!" ती जवळजवळ ओरडलीच.

"विचारता की. आणि काही त्रास नाही म्हटलं की तुमचा चेहरा कसा खुलतो! 'शाब्बास काका' म्हणता. बाहेर बाकावर आम्ही एकमेकांना सांगतो, आज ताईंची शाबासकी मिळाली म्हणून. नापास कोणाला व्हायचंय?"

मायेनंच म्हणायची हो ती! पण त्या मायेपायी भली माणसं खोटं बोलायला शिकली, त्याचं काय?

तिनं लिहिलं. एक्स-रेत उजव्या बाजूला पाणी निघालं आणि गोळी थांबली. मग ती तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेली. "चूक माझी आहे. सगळ्या पेशंटना पुन्हा विचारायला हवं," म्हणाली. डॉक्टर आधी भडकले, मग "विचारा" म्हणाले. आणखी दोघांनी त्रास लपवलेला निघाला.

काकांचं रक्त पुन्हा बिघडलं तर? चार आठवडे तिचा जीव टांगणीला लागला. रोज काकांना फोन. भाजीत मीठ दोनदा. शेवटी लेक वैतागली, "आई, तू जरा बस ना गं! मलाच गरगरायला लागलंय."

पाचव्या आठवड्यात रिपोर्ट आले. पाणी उतरलं होतं, रक्त टिकून होतं. अर्धी मात्रा सुरू झाली आणि पुढच्या महिन्यात काका समोर येऊन बसले.

"काही त्रास?" तिनं चेहरा अगदी कोरा ठेवून विचारलं.

आणि काका जे सुटले! पायात पेटके येतात, तोंडाला चव नाही, सुईत दोरा ओवताना हात थरथरतो, बायकोवर उगाच खेकसतो. पाऊण तास चालू होतं. ती मधे ब्रही न काढता एकेक लिहीत गेली. शेवटी काका थांबले, रुमालानं तोंड पुसलं.

"आणि ताई, मरणाची भीती वाटते. हे तुमच्या फॉर्मात बसतं का?"

तसा रकाना नव्हता. 'इतर' असं होतं, त्यापुढे तिनं काकांचे शब्द जसेच्या तसे उतरवले. मग प्रत्येक त्रासापुढे लिहावं लागतं तेच विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," काका म्हणाले.