मावसा, मांडव आणि दोन इयरफोन

एकसारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू देवाने या जगात केल्या त्या केवळ आमच्या मावसांना छळायला, असे माझे ठाम मत आहे. मावसा म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, राहणार वैशाखरे. मुरबाडच्या बाजारात माठ घ्यायला गेले की दुकानातल्या सगळ्या माठांना टिचक्या मारणार, त्यांतले दोन बाजूला काढणार आणि त्या दोघांपुढे उकिडवे बसून एकदा याला, एकदा त्याला कान लावणार. कुंभार घरी जाऊन जेवून येई, तरी हे तिथेच. एकदा माठ घेऊन अर्ध्या वाटेवर आले आणि "त्याचा आवाज पक्का व्हता" म्हणत माघारी फिरले. तोवर तो माठ विकला गेला होता. मग घरातल्या माठाशी त्यांनी बरेच दिवस अबोला धरला. सगळ्या जन्मात एकच निवड त्यांनी झटपट केली, ती मावशीची. त्याचे कारण विचारले की सांगत, "आमी दारात पोचलो तवा ही शेळीला हाक मारीत व्हती. आवाज आयकला, झालं."

तो आवाज साऱ्या पंचक्रोशीचा होता. मावशी धवलारीण. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेका विधीचा धवला, म्हणजे त्या विधीचे गाणे, गायचा मान तिचा. यंदा तिच्या गळ्यात गाठ निघाली. कल्याणचे डॉक्टर म्हणाले, गाठ काढू, पण ती आवाजाच्या नसेला टेकलीय. आवाज पूर्वीसारखा राहील असे सांगता येत नाही. मावसा घरी आले आणि मोबाइल पुसून मावशीपुढे धरला. "गा."

मावशी ऐकेना. मांडवाशिवाय धवला कुणी गातं का? मग मावसांनी अंगणात बांबू रोवले, आंब्याच्या टहाळ्या बांधल्या, उंबराची फांदी लावली. पाहता पाहता आळीतल्या बाया हळदीच्या पाण्याचे तांबे घेऊन हजर. "कुनाचं लगीन गो? आमाला बोलावनं नाय?" मावसांनी सगळ्यांना चहा पाजून गप्प बसवले, आणि त्या नवरानवरीविना मांडवात मावशीने सगळे धवले गायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात निघायचे होते, म्हणून मी आसनगावहून आलो होतो. मावसा म्हणाले, गाणी नीट उतरलीत की नाही ते आजच पाहायला हवे. मोबाइलच्या भोंग्यावर सगळेच चिरके वाजते. आम्ही मुरबाडला इयरफोन घ्यायला गेलो आणि नेमके जे व्हायला नको तेच झाले. दुकानदाराने दोन डब्या पुढे ठेवल्या. कंपनी एक, रंग एक, वायर एक. एकीवर फक्त 'प्लस' लिहिलेले.

"काका, सेमच आहेत. प्लसमध्ये आवाज जरा साफ. साध्यात बेस जास्त."

"बेस म्हंजे काय रे?"

"ढोलकी जोरात वाजते."

"आमच्या धवल्यात ढोलकी नसते," मावसा म्हणाले आणि तिथल्या स्टुलावर बसले. मी कपाळाला हात लावला. टोकांना लावायची रबरे लहान, मध्यम आणि मोठी. मावसांच्या एका कानाला लहान बसले, दुसऱ्याला मोठे. याचा दोष त्यांनी कंपनीला दिला. शेवटी दुकानदारच कंटाळून म्हणाला, दोन्ही घेऊन जा, नको असेल तो दुकान बंद व्हायच्या आत आणून द्या.

घरी ओटीवर बसून मावसांनी आधी साधा लावला. डोळे मिटले, मान डोलली. मग प्लस लावला. पाठवणीचा धवला सुरू झाला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"खरखर हाय."

पुन्हा साधा. काही नाही. पुन्हा प्लस. खरखर. मीही ऐकले. मावशीचा आवाज वर चढतो तिथे खालून काहीतरी ओढल्यासारखे येत होते, थांबत होते, पुन्हा येत होते. खरखर गाण्यात असेल तर ते आजच पुन्हा गाऊन घ्यायला हवे. वायरीत असेल तर काळजी नाही. पण दोघांतला कोण खोटे बोलतोय? शेजारचे आले. चौघांनी चार मते दिली. ऊन कलले. बॅग भरायची राहिली होती, दुकान बंद व्हायला आले होते. मावसांना रबर कानात घालता येईना. आयुष्यभर मी या माणसाच्या निवडानिवडीला हसत आलो. त्या संध्याकाळी मात्र हसू येईना.

"आण गो घसा गरम पान्याने शेकून. पुन्हा गायचं," मावसांनी आत हाक दिली.

मावशी पदर खोचून बाहेर आली. "एका मांडवात तोच धवला दोनदा नाय गात. द्या हिकडं." तिने प्लस स्वतःच्या कानात घातला. आपला आवाज असा तिने जन्मात ऐकला नव्हता. ऐकता ऐकता ती एकदम थांबली आणि मावसांकडे पाहत राहिली.

"आवो, ही खरखर नाय. हे तुमी नाक वढताय."

 मावसा मांडवाच्या बांबूकडे बघत बसले. गाणे उतरवून घेताना मोबाइल त्यांनीच हातात धरला होता, आणि तो धरून ते रडत होते, हे साध्या इयरफोनने झाकले होते. प्लसने सांगून टाकले.

"मग साधाच ठेवू," ते पुटपुटले.

"नको. साफवाला ठेवा. माझा गळा नि तुमचं नाक, दोनी राहूद्या."

साधा मी गाडी पकडून घाईघाईने मुरबाडला परत करून आलो.

गाठ काढली, मावशी सुखरूप घरी आली. आवाज मात्र गेला. म्हणजे बोलते, पण जाड आणि भसाडे. लग्नात आता दुसऱ्या बाया गातात, मावशी शेजारी बसून शब्द सांगते. मला वाटले होते मावसा दिवसभर इयरफोन लावून बसतील. परवा गेलो तेव्हा लावलेलाच होता, पण एकाच कानात. दुसरा छातीवर लोंबत होता.

"एक बिघडला काय, मावसा?"

"नाय रे. ह्या कानात पयलीची आयकतो." उघड्या कानाला त्यांनी हात लावला. "नि ह्यात आताची. ती हाक मारील ना."

मला खोडी काढल्यावाचून राहवेना. "मग दोघींतली चांगली कोणती?"

मावसांनी माझ्याकडे पाहिले, तोंड उघडले, तेवढ्यात आतून तो जाड आवाज आला, "आवो, ताटं केलीत." आणि माठापुढे अर्धा दिवस बसणारा हा माणूस कानातली वायर ओढून पहिल्या हाकेला उठला.