उजवीकडचा खिसा

शनिवारी फ्रांकफुर्टला नदीकाठी जुना बाजार भरतो. परवा तिथे एका म्हाताऱ्याने जुनी इंग्रजी नियतकालिकं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून मांडली होती. एक पिशवी उघडली आणि तो वास आला. गुळगुळीत कागदाला सत्तर-ऐंशी वर्षांनी येणारा, किंचित आंबूस, किंचित डांबराच्या गोळ्यांचा, आणि त्याच्याही तळाशी छापखान्याच्या शाईचा. मुखपृष्ठावर उंच मानेची एक मडम होती, हातात सडपातळ कुत्र्याचा पट्टा, आणि तिच्या मागे घोड्याला टेकून उभा असलेला एक साहेब. कुणीही आधी त्या मडमेकडे पाहिलं असतं, चित्रकाराचीही तीच इच्छा असणार. मी मात्र आधी पाहिला साहेबाच्या कोटाचा छातीवरचा खिसा. तो डावीकडे होता. मग मी निर्धास्तपणे बाकीचं चित्र पाहिलं. ही खोड मला बाड हॉम्बुर्गमधल्या एका उन्हाळ्याने लावली आणि ती जाईल असं वाटत नाही.

लग्नानंतर आम्ही तिथे राहायला गेलो, ते माझ्या इंजिनीयर नवऱ्याच्या नोकरीमुळे. वर आम्ही, खाली घरमालकीण. ऐंशीच्या घरातली, ताठ पाठीची बाई. घराची हाउसऑर्डनुंग, म्हणजे नियमावली, तिने जिन्यात काचेच्या चौकटीत लावलेली होती आणि ती आम्ही वाचतो की नाही यावर तिचं बारीक लक्ष असे. पण या करड्या बाईच्या पोटात एक वेगळंच गाव दडलेलं होतं. बाड हॉम्बुर्ग हे झऱ्यांचं गाव, एके काळी युरोपभरचे श्रीमंत तिथे पाणी प्यायला येत. तिच्या आजोबांचं अतिथिगृह होतं आणि इंग्रज पाहुणे जाताना आपली नियतकालिकं खोल्यांत टाकून जात. शाळकरी वयात तिने ती गोळा केली. मग युद्ध आलं, पाहुणे संपले, अतिथिगृहही गेलं, पण माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके तेवढे राहिले.

त्या खोक्यांनी मला वेड लावलं. काय एकेक मुखपृष्ठं होती! मोरपिशी निळ्या पार्श्वभूमीवर दोन-चार रेघांत काढलेली स्त्री, जिच्या टोपीखालून एकच डोळा दिसतो. बर्फावर घसरणाऱ्या, उगाच हसणाऱ्या तरुणी. शिकारीचे लाल कोट, मोत्यांचे सर, लांब सिगारेटनळ्या. आत पानभर छायाचित्रं असत. डोक्यात पांढरी पिसं खोवून राजवाड्यात पहिल्यांदा निघालेल्या मुली आणि बागेतल्या मेजवान्यांमधले कंटाळलेले उमराव. या लोकांशी माझा काय संबंध? ज्यांनी माझ्या पणजोबांवर राज्य केलं त्यांच्या बायकांच्या टोप्या बघत मी जर्मनीत रविवार घालवत होते. पण सौंदर्यापुढे माझं नेहमीच असं होतं, वाद घालायचा राहून जातो.

मालकीणबाईंनी गावच्या ग्रंथालयात या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. चाळीस चौकटी. त्यांत एकच भारतीय स्त्री होती, तीही छायाचित्रातली. बागेतल्या खुर्चीत बसलेली, नथ घातलेली, साडीतली. शेजारी एक साहेब उभा. खाली इंग्रजीत नाव नव्हतंच, नुसतं ‘पूर्वेकडची पाहुणी’. ही कोण असेल, असं मालकीणबाईंनी मला विचारलं. जर्मनीत येऊन दोन वर्षं झाली होती आणि मला रस्ता किंवा किलोचा भाव सोडून पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं. मी चष्मा पुसला, पदर उजव्या खांद्यावर आहे हे पाहिलं आणि न अडखळता सांगितलं, “गुजरातची. गेनाऊ, राजघराण्यातली गुजराती स्त्री.” गेनाऊ म्हणजे ‘अगदी बरोबर’, जर्मन माणसाचा ठाम शब्द. तशी चिठ्ठी छापली गेली. प्रदर्शनाच्या पत्रकात शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, भारतीय तपशिलांबद्दल माझे आभारही छापले गेले. ते पत्रक मी पुण्याला आईकडे पाठवलं, नवऱ्याला दोनदा दाखवलं आणि स्वतः किती वेळा पाहिलं ते सांगत नाही.

त्याच सुमारास सासूबाई आल्या. सांगलीत त्यांनी एकतीस वर्षं शिवणवर्ग चालवला होता. आसपासच्या गावांतल्या शेकडो मुलींना त्यांनी कटोरी ब्लाउज आणि काज-बटण शिकवलं. पण तयार कपड्यांची दुकानं झाली, मुली येईनाशा झाल्या आणि शेवटी त्यांनी वर्गाला कुलूप लावलं. मुलाने आग्रह करकरून तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. त्या वर्षी उन्हाळा असा तापला होता की दुकानांतले पंखे संपले होते. त्या बिचाऱ्या खिडकीशी बसून असत. कचऱ्याच्या चार रंगांच्या डब्यांत त्यांचा रोज एक तरी डबा चुकायचा. रविवारी दुपारी त्यांनी खलबत्त्यात वेलदोडे कुटले, तर रविवारी आवाज करायचा नाही हे सांगायला खालून मालकीणबाई वर आल्या. आणि प्रत्येक वेळी मी पुढे होऊन म्हणायचे, “आई, तुम्ही नका बोलू, मी सांगते.” प्रेमाने म्हणायचे, असं मला तेव्हा वाटत होतं. तीन आठवड्यांनी त्या नवऱ्याला म्हणाल्या, “माझं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ. इथं माझा उपयोग काय? घरातल्या कपाटासारखी झालेय मी, कुणी विचारत नाही आणि जागा मात्र अडते.” ते वाक्य मला झोंबलं, कारण ते खरं होतं.

प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना मालकीणबाईंनी आम्हा दोघींना दुपारच्या कॉफीला बोलावलं. चौकटी ग्रंथालयात जाण्यापूर्वी एकदा पाहून घ्या, म्हणाल्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून चाळीस चौकटी ओळीने ठेवल्या होत्या. मी सासूबाईंना घेऊन गेले आणि मनात म्हटलं, पाच मिनिटांत कंटाळतील. त्या कंटाळल्या नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून एकेका चित्रापाशी वाकून पाहू लागल्या. “हा गळा बघ, आडव्या उभ्यात नाही, तिरक्या कापडात कापलाय, म्हणून असा पडलाय,” त्या म्हणाल्या. पुढच्या मुखपृष्ठापाशी म्हणाल्या, “हा चित्रकार शिंप्याच्या घरातला असणार गं. मुंढ्याची शिलाई बरोबर जिथं असायला हवी तिथं काढलीय.” जी चित्रं मी दोन महिने नुसती सुंदर म्हणून पाहत होते, ती त्या उसवून परत शिवत होत्या. एकतीस वर्षं वर्ग चालवणारी बाई त्यांच्या अंगात परत आली होती, आवाजसुद्धा बदलला होता.

मग त्या नथवाल्या बाईपाशी आल्या आणि थांबल्या.

“ही कुठली म्हणालीस?”

“गुजराती. पदर उजव्या खांद्यावर आहे ना.”

“अगं, तुझे डोळे आहेत का बटणं? गुजराती पदर मागून पुढं येतो. हा पुढून मागं गेलाय. आणि पोटरीपाशी बघ, काष्टा आहे. नऊवारी आहे ही! नथ उजव्या नाकपुडीत, पदर उजव्या खांद्यावर... बाई आपली आहे, चित्र उलटं छापलंय. सांग त्यांना.”

मी पाहिलं. एकदा सांगितल्यावर ते इतकं उघड दिसत होतं की माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. नऊवारी मी आयुष्यात एकदाच नेसले होते, शाळेच्या स्नेहसंमेलनात, तीही आयती शिवलेली. मालकीणबाई केकची सुरी हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. पत्रकं छापून झाली होती. शेवटच्या पानावर माझं नाव होतं. आणि मी जर्मनमध्ये म्हणाले, “आईंना हे चित्र फार आवडलं.”

या परक्या देशात त्यांचं तोंड म्हणजे मीच होते, आणि मी ते मिटून टाकलं.

सासूबाईंना जर्मनचं अक्षर कळत नव्हतं, पण कापड मोजून मोजून त्यांना लांबी कळत होती. “मी एवढं बोलले आणि तू चार शब्द सांगितलेस होय?” एवढंच म्हणाल्या. रागावून नाही, साडी तोकडी पडल्यावर बघावं तसं माझ्याकडे बघून. मग उठल्या आणि सरळ खोलीबाहेरच्या बोळात गेल्या. तिथे खुंटीवर मालकीणबाईंच्या दिवंगत नवऱ्याचा गडद करडा कोट बारा वर्षं टांगलेला होता. त्याला कुणी हात लावत नसे, साफसफाईला येणारी बाईसुद्धा. सासूबाईंनी तो खुंटीवरून काढला. मालकीणबाईंचा चेहरा दगडासारखा झाला.

सासूबाईंनी तो कोट दोन्ही हातांनी, नवं बाळ धरावं तसा धरून आणला आणि चौकटीशेजारी ठेवला. आधी कोटाच्या छातीवरच्या खिशावर बोट ठेवलं. डावीकडे. मग चित्रातल्या साहेबाच्या खिशावर. उजवीकडे. कोटाची काजं डाव्या बाजूला, साहेबाची उजव्या. मग त्या मराठीतच, ठासून, वर्गातल्या मुलींना सांगावं तसं म्हणाल्या, “कुठल्या शिंप्यानं साहेबाचा खिसा उजवीकडं लावलाय? बाई, तुम्हीच सांगा!”

मालकीणबाई वाकल्या. खिशाकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, परत चित्राकडे पाहिलं. “आल्झो...”, म्हणजे ‘असं होय...’, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. सासूबाईंनी एका हातात चौकट घेतली, दुसऱ्या हाताने मालकीणबाईंचं मनगट धरलं आणि त्यांना बोळातल्या मोठ्या आरशापुढे नेलं. मी दारात उभी राहून पाहत होते. आरशात चौकट वर आली आणि सगळं आपापल्या जागी गेलं. साहेबाचा खिसा डावीकडे. पदर डाव्या खांद्यावर. नथ डाव्या नाकपुडीत. खुर्चीतली ती बाई अचानक कुणाच्या तरी लग्नात पहिल्या ओळीत बसलेली वाटू लागली, ओळखीची, आपल्याच गावची. दोन म्हाताऱ्या आरशात एकमेकींकडे पाहत होत्या. मग मालकीणबाई आधी हळू आणि मग मोठ्याने म्हणाल्या, “गेनाऊ! जा, गेनाऊ!” आणि हसायला लागल्या. त्यांना हसताना मी तोवर पाहिलंच नव्हतं. “सत्तर वर्षं मी टोप्या बघत बसले,” त्या मला म्हणाल्या, “पुरुषांकडे कधी लक्षच दिलं नाही.” हे मात्र मी सासूबाईंना शब्दन्शब्द सांगितलं. त्याही इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग मी दोघींना, दोन्ही भाषांत, मघाशी काय गाळलं ते कबूल केलं. मालकीणबाई म्हणाल्या, “पत्रकं तुम्हीच दुरुस्त करायची. हातानं. सगळी.” मी केली, आणि माझ्या नावावर मारलेली ती प्रत्येक काट मला आवडली.

प्रदर्शनात त्या चित्रासमोर आरसा लावला होता. नव्या चिठ्ठीवर मालकीणबाईंच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: ‘महाराष्ट्रातील स्त्री. छायाचित्र उलटे छापले गेले. हे सांगलीच्या शिवणशिक्षिकेने ओळखले.’ चाळीस चौकटींत सगळ्यात मोठी गर्दी तिथे होती. आणि काय दृश्य होतं ते! गावातला एकेक वयस्क गृहस्थ येई, चिठ्ठी वाची, आरशात पाही आणि नकळत हात स्वतःच्या छातीवर नेऊन आपला खिसा चाचपे. डॉक्टर, ग्रंथपाल, पेन्शनर, सगळे एकजात. शेजारी इस्त्रीच्या नऊवारीत सासूबाई उभ्या होत्या, आणि मालकीणबाईंनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितल्यावर त्या दोन शब्दांवर थांबल्या नाहीत. काष्टा, ओचा, पदर, सगळं नेसून दाखवल्यासारखं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “हे माझ्या सुनेला आधी दिसलं नव्हतं, पण ती आता शिकतेय.” सगळे माझ्याकडे बघत होते. मी तेही सांगितलं. टाळ्या पडल्या. तिकीट अलीकडचं करायचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही, उलट ते पुढे ढकलता येईल का, हे विचारून झालं. सांगलीला परतल्यावर दिवाळीआधीच त्यांनी वर्गाचं कुलूप काढलं.

मालकीणबाई गेल्या त्याला आता तीन वर्षं होतील. जाण्यापूर्वी त्यांनी ती चौकट आमच्याकडे पोचती केली होती. ती आता आमच्या बोळात आहे, समोर आरसा आहे. त्या बाईचं नाव आम्हाला कधीच सापडलं नाही. इतकी वर्षं ती उलट्या छापलेल्या जगात शांतपणे बसून होती आणि कुणीतरी येऊन आपल्याला सुलट करील याची तिला घाई नव्हती, असं मला उगीच वाटतं. ज्या मेजवानीला ती गेली ती संपली, ते नियतकालिक बंद पडलं, बाग कुठली होती तेही कुणाला माहीत नाही. उरलं एवढंच, की तिची साडी कशी नेसतात हे जाणणारी एक बाई वेळेवर तिथे पोचली.

घरी कुणी नवं आलं की त्या आरशाबद्दल विचारतंच. उत्तर माझी मुलगी देते. तिचा जन्म या सगळ्यानंतरचा. तिला मराठी कळतं, पण ती बोलते जर्मनमध्ये. आजीने कोट कसा आणला, साहेबाचा खिसा कुठे होता, हे ती अशा थाटात सांगते की जणू चौकट तिनेच धरली होती. आणि मग पाहुण्यांसमोर, माझ्याकडे बोट दाखवून, ‘मामा’ने, म्हणजे जर्मनमधल्या आईने, म्हणजे मी आधी ते कसं सांगितलंच नाही, हेही सांगते. एकही शब्द न गाळता.

मी तिला थांबवत नाही.