एका फांदीवर दोन रंग

ऐंशी सालच्या सुमारास नालवाडीत साड्यांवर फुलं रंगवणारी एक बाई राहायची. उलट्या खाटेच्या पायांना साडी ताणून बांधायची आणि विचार करताना ब्रश दातांत धरायची. कॉलेजात असताना मी तिला एक पांढरी साडी रंगवायला दिली. आणायला गेले, तर एकाच फांदीवर काही फुलं पिवळी, काही गुलाबी.

"काकू, पिवळा रंग संपला होता का?"

तिनं दातांतला ब्रश काढला. "काऊन संपन? पऱ्हाटीचं फूल हाय पोरी. आज पिवळं, उद्या गुलाबी. तुह्याच बाबाच्या वावराच्या धुऱ्यावर बसून पाह्यलं म्या."

आमच्या घरी पिढ्यानपिढ्या हीच पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पण मला माहीत होता तो घरात रचलेला पांढरा कापूस. साडी हातात घेऊन मी तशीच वावरात गेले. ऊन उतरत होतं, आणि पिवळी फुलं गुलाबी व्हायला लागली होती.