टुकुमकारीची खोली

मी टुकुमकारीला कधीच गेलो नाही.

पाठवला तो फोटो इंटरनेटवरचा होता.
ज्यांना पाठवला ते दीपककाका मंगळवारी गेले, म्हणून आता लिहितोय. ते असताना हिंमत झाली नाही.

काका माझे सख्खे नाहीत, पप्पांचे हॉस्टेलचे मित्र. भारत सोडून इकडे सेम्बावांगच्या शिपयार्डात इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते, रिटायर होऊन इथेच राहिले. मी डिप्लोमा अर्धवट टाकून इथे एक्झिबिशनचे स्टॉल उभारायच्या कामावर आलो. राहायला बुकित बातोकला, जेवायला दर रविवारी काकूंकडे.

"आला बघ भटक्या," काका दारातच म्हणायचे. "या वेळी नोकरी आहे की सोडून आलास?"

रिपेअरला आलेल्या एका जहाजाच्या केबिनमध्ये त्यांना अमेरिकेच्या रूट सिक्स्टी-सिक्सचा जुना नकाशा मिळाला होता. शिकागोपासून पार कॅलिफोर्नियाच्या समुद्रापर्यंत. काका एकदाही अमेरिकेला गेले नाहीत, पण तो रस्ता त्यांना तोंडपाठ. कुठे तळ्यात सिमेंटचा निळा देवमासा आहे, कुठल्या गावात गाढवं भर रस्त्यात फिरतात, सगळं.

(गाढवांचे व्हिडिओ बघा एकदा. गाडीच्या खिडकीतून आत तोंड घालतात. असो.)

"बाजूने एक्स्प्रेसवे झाला आणि सरकारने या रस्त्याचा नंबरच काढून घेतला," काका सांगायचे. "गावं ओस पडली. तरी लोक संध्याकाळ झाली की मोटेलचे निऑन दिवे लावतातच. चिवट आहेत."

मग थोडं थांबून, "पण याच रस्त्यावर काळ्या माणसाला कितीतरी मोटेलांत खोली मिळायची नाही. बाहेर 'खोली रिकामी आहे'चा दिवा जळतोय आणि काउंटरवरचा म्हणतोय, नाही. माझ्या बापाला असंच एका धर्मशाळेने जात विचारून पायरीवरून परत पाठवलं होतं. मी होतो बरोबर. सहा वर्षांचा."

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

गेल्या वर्षी शिकागोत मावसबहिणीचं लग्न ठरलं. मी म्हटलं, लग्न झालं की गाडी घेतो आणि तुमच्या रस्त्याने जातो.

तोवर काकांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं होतं. प्रवास बंद. त्यांनी कागदावर वेळांचा हिशोब मांडला.

"तिथे दिवे लागतात तेव्हा इथे माझी मशीनवरची सकाळ असते. त्या रस्त्यावरच्या टुकुमकारी गावात थांब. दिवा लागला की व्हिडिओ लाव. आत जा, आपलं पूर्ण नाव सांग, आडनावासकट. खोली माग. मला बघायचंय."

"त्यात काय काका, नक्की."

"नक्की म्हणजे कसं? तुझ्यासारखं नक्की की माझ्यासारखं?"

काकू हसल्या. मीपण हसलो.

पहिले काही दिवस मी खरंच जुन्या रस्त्याने गेलो. देवमासा बघितला. टेक्ससमध्ये शेतात अर्ध्या गाडलेल्या गाड्या आहेत, लोक त्यांच्यावर स्प्रेने नावं लिहितात. मीपण लिहिलं. तिथे पुण्याची दोन पोरं भेटली.

"अरे वेगासला चल ना भावा, रूम बुक आहे. जुन्या रस्त्याने काय बैलगाडीसारखा जातोस?"

मी त्यांच्या मागे एक्स्प्रेसवेला लागलो.

टुकुमकारीची पाटी आली तेव्हा लख्ख ऊन होतं. दिवे लागायला तीन तास होते.
तीन तास कोण थांबणार.
एवढंच कारण आहे. मी खूप शोधलं, दुसरं सापडत नाही.

संध्याकाळी काकांचे चार मिस्ड कॉल आले. मी पोरांबरोबर ॲपल पाय खात बसलो होतो. रात्री गुगलवरून तिथल्या एका मोटेलचा फोटो घेतला आणि पाठवला. "सॉरी काका, गडबडीत व्हिडिओ राहिला. खोली मिळाली."

त्यांनी लिहिलं, "छान."

परत आल्यावर रविवारी गेलो. काकांनी विचारलं, "लगेच दिली खोली?"

"लगेच."

"किल्ली कशी होती?"

"कार्ड होतं काका. हॉटेलात असतं तसं."

"बरं," म्हणाले. मग काकूंना म्हणाले, "याला वाढ, भूक लागली असेल."

मला नंतर कळलं, फोटोतल्या त्या मोटेलात अजूनही लोखंडी किल्लीच देतात. काकांना हे माहीत नसणं शक्यच नव्हतं. त्यानंतर आठ महिने मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवलो. आठ महिन्यांत त्यांनी त्या रस्त्याचं नाव काढलं नाही. मीपण नाही काढलं.

काल काकांच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, सगळे जमलो होतो. त्रिसरण, पंचशील झालं. एक चिनी आजोबा व्हीलचेअरवर आले. टॅन अंकल, डायलिसिसला काकांच्या शेजारच्या खुर्चीवर असायचे.

"यू द हायवे नेफ्यू, आह?"

मी मान हलवली.

त्यांच्या इंग्लिशमधून कळलं ते असं. त्या सकाळी काकांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. नर्सने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला होता. शेजारच्या तिघांनी टीव्ही बंद करायला लावला. काका नवीन शर्ट घालून आले होते. चार तास सगळे त्या काळ्या स्क्रीनकडे बघत बसले.



टॅन अंकलनी माझ्या हातावर थोपटलं.

"नेव्हर माइंड लाह. युअर अंकल टेल अस ऑलरेडी. डेझर्ट मा, नो सिग्नल. ही से यू ट्राय व्हेरी हार्ड."

काका, सिग्नल होता. फुल होता.

मी कॉल कट करत होतो.

माफ करा म्हणायला उशीर झालाय, तरी म्हणतो. माफ करा.

जय भीम, काका. निघा आता सावकाश.