छत्रीची वायर

आमचा जुना टीव्ही वीज पडली त्या दिवशी गेला. वीज दूर टेकाडावर पडली, पण घरात फट्ट असा आवाज झाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. छपरावरची छत्री, म्हणजे फुकटची चॅनलं पकडणारी डिश, तेवढी शाबूत राहिली.

मी जन्मापासून आंधळी आहे. म्हसळ्याला सरकारी कचेरीत कारकून आहे. पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, त्याच्या जोरावर दिवसभर कॉम्प्युटरवर टपालाच्या नोंदी चढवते. घरी आई आणि मी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. धाकटा भाऊ उरणला कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर आहे. टीव्ही गेल्याचं कळल्यावर त्यानं फोनवर सांगितलं, नवा घेऊ नका, मी येताना मोठा आणतो. भातकापणी झाली, झोडणी झाली, तो काही आला नाही.

आई संध्याकाळची मालिका बघायला शेजारी जायला लागली. एक दिवस पाच मिनिटांत परत आली. मी विचारलं तर म्हणाली, त्यांच्या सुनेला दुसरं काही बघायचं होतं. त्यानंतर ती गेली नाही. सात वाजले की ओटीवर बसून सुका जवळा, ती बारीक कोळंबी, निवडायची. कुरकुर केली नाही, पण घरातली शांतता मला ऐकू येत होती.

टीव्ही मलाही हवा होता. हे मात्र कुणाच्या मनात आलं नाही. टीव्ही गेला म्हणजे आईचा गेला, असंच सगळे बोलत होते. मी त्याच टीव्हीवर शाळेच्या वयापासून बातम्या ऐकल्या, क्रिकेट ऐकलं, मालिकांमधली माणसं पावलांच्या आवाजावरून ओळखली.

आंधळ्या कॉम्प्युटरवाल्यांचा आमचा एक ईमेलचा गट आहे. तिथं मला कळलं की तळहाताएवढा एक ट्यूनर मिळतो. एका बाजूला छत्रीची वायर जोडायची, दुसरी बाजू कॉम्प्युटरला. मग टीव्ही कॉम्प्युटरवर लागतो, आणि कॉम्प्युटर तर माझ्याशी बोलतो. मी तो मागवला.

वायर माझ्या खोलीत आणायला छत्री बसवणाऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं खिडकीच्या चौकटीला भोक पाडलं, वायर आत घेतली. हे सगळं करताना तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी काही विचारलं की उत्तर आईला द्यायचा. "यांना कॉम्प्युटर कोण चालू करून देतो?" त्यानं आईला विचारलं. आई म्हणाली, तीच करते. तो म्हणाला, "सिग्नल बघायला पडद्यावर रंगीत पट्टी असते. घरात डोळस माणूस असेल तेव्हा बोलवा, मी येऊन लावतो."

आई डोळस होती, समोरच उभी होती. पण तिला कॉम्प्युटर येत नाही. दोघींची मिळून बेरीज शून्य, असं त्याच्या हिशेबात झालं असावं.

मग मी एकटीच कामाला लागले. ट्यूनरबरोबर आलेला प्रोग्राम उघडला तर माझं सॉफ्टवेअर नुसतं म्हणत राहिलं, बटण, बटण, बटण. बनवणाऱ्यानं एकाही बटणाला नाव दिलं नव्हतं. मी एकेक दाबून बघितलं. एकानं प्रोग्राम बंद झाला. एकानं सगळी भाषा कुठल्यातरी परक्या लिपीत गेली, ती परत आणण्यात एक अख्खा रविवार गेला. गटातल्या एकानं दुसरा, जुना, साधा प्रोग्राम सुचवला. त्याच्या सेटिंग एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये होत्या, आणि मजकूर मला वाचता येतो. उपग्रह कुठला, फ्रिक्वेन्सी किती, लहरी उभ्या की आडव्या, सगळे आकडे मी त्या फाइलमध्ये हातानं लिहिले. रंगीत पट्टीचं कामच उरलं नाही. सिग्नल किती टक्के, तेही आकड्यात येत होतं.

तिसऱ्या रविवारी दुपारी एक पुरुष आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांबद्दल बोलायला लागला. मी हात मांडीवर ठेवून त्याला बोलू दिलं. मग आईला हाक मारली आणि विचारलं, चित्र दिसतंय का?

"दिसतंय की," आई म्हणाली. "आंब्याची बाग हाय. एक बाई पिवळ्या साडीत उभी हाय, ती काय बोलत न्हाय."

ती बाई मला आईमुळे कळली. पुढं महिनाभर आम्ही रोज संध्याकाळी माझ्या खोलीत बसलो. चॅनलांची यादीही मजकुराची फाइलच होती. मी आईचं चॅनल सगळ्यात वर आणलं, वस्तू विकणारी सगळी खाली ढकलली. आई मधेमधे सांगायची, आता ती रडतेय, आता त्यानं पत्र फाडलं. इतकी वर्षं एकाच घरात टीव्ही होता, पण तिनं मला असं कधी सांगितलं नव्हतं.

मग एक दिवस शेजारची बाई आली. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. माझ्या खोलीत टीव्ही बघून तिनं विचारलं, हे कुणी करून दिलं? आई म्हणाली, "माझ्या लेकानं. उरणला बसून फोनवरून समदं सांगितलं तिला."

माझी भाकरी तव्यावर करपली. बाई गेल्यावर मी आईला विचारलं, असं का सांगितलंस? ती जराही दचकली नाही.

"तू केलंस म्हटलं तर कुणाला खरं वाटत न्हाय गो. म्हणतील, म्हातारी लेकीचं उगाच कौतुक सांगते. त्याचं नाव घेतलं की गप बसतात."

मी म्हटलं, "आणि तुला खरं वाटतं का?" ती म्हणाली, माझ्यासमोरच तर केलंस. पण पुढच्या आठवड्यात तिनं मावशीलाही फोनवर तेच सांगितलं. त्यानंतर भावाचा फोन आला, तेव्हा तो हसत म्हणाला, माझं नाव झालं म्हणे तिकडं. त्याला गंमत वाटली. आपण काही केलं नाही, हे त्यानं मावशीला सांगितलं नसणार.

पुढच्या महिन्यात एका सकाळी आईचं चॅनल दिसेनासं झालं. कारण मला त्याच दिवशी कळलं. चॅनल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर गेलं होतं, नवा आकडा गटात आला होता. फाइलमधली एक ओळ बदलायची होती, दोन मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. आई म्हणाली, बघ ना काय झालंय. मी म्हटलं, ज्यानं लावलंय त्याला विचार.

तिनं खरोखरच विचारलं. भावानं सांगितलं, बंद करून चालू कर. ती कॉम्प्युटरजवळ आली आणि मी शिकवलेलं बटण दाबून बंद केलं, चालू केलं. असं आठ दिवस चाललं. रोज सात वाजता ती येऊन बसायची, थोडा वेळ थांबायची आणि उठून ओटीवर जायची. मी आपलं टपालाचं काम घरी आणल्यासारखी कीबोर्ड वाजवत राहायचे.

नवव्या दिवशी, रविवारी, भाऊ गाडीतून टीव्ही घेऊन आला. बरोबर तोच छत्रीवाला. छत्रीची वायर एकच, ती एकाच ठिकाणी जोडता येते. छत्रीवाल्यानं माझ्या खिडकीतून वायर ओढून घेतली तेव्हा ट्यूनर टेबलावरून खाली पडला. मी भावाला म्हटलं, छत्रीला वायर जोडायचं दुसरं तोंड बसवून माझ्यासाठी दुसरी वायर घेता येईल. तो टीव्हीचं खोकं उघडत होता.

"तुला आवाजच तर लागतो," तो म्हणाला. "तो बाहेरच्या खोलीतून येईलच की."

छत्रीवाल्यानं टीव्हीला नवीन पेटी, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, जोडली, तिनं आपोआप सगळी चॅनलं शोधली. आईची मालिका लागली. भावानं जेवण केलं, मच्छी चांगली झाली म्हणाला आणि चार वाजता निघाला. त्याच्या टीव्हीचा मेनू बोलत नाही. चॅनल बदलायचं तर मी आईला सांगते, आणि तिला जमलं तर ती बदलते. मालिकेत काय दिसतंय ते ती आता सांगत नाही. बाहेरच्या खोलीत कुणी ना कुणी बसलेलं असतं.

थोड्या दिवसांनी आम्ही दोघीच होतो तेव्हा मी तिला सांगितलं, की तुझं चॅनल गेलं तेव्हा त्याचा नवा आकडा मला पहिल्याच दिवशी माहीत होता. ती जवळा निवडत होती. तिचा हात थांबल्याचं मला कळलं.

"मला वाटलंच," ती म्हणाली.

मग ती पुन्हा जवळा निवडायला लागली. भावाला तिनं हे आजवर सांगितलेलं नाही. का, ते मी तिला विचारलेलं नाही.